घरातलं भांडण पोराच्या उंचीवरून: अशी शॉर्टफिल्म करायची तर कुठून सुरू करायचं

माझी पहिली शॉर्टफिल्म अकरा मिनिटांची होती आणि त्यातली चारेक मिनिटं एक पोरगा नुसता रडत होता. बाप ओरडतोय, आई हुंदके देतेय, भांडी पडतायत, पोरगा कोपऱ्यात गुडघ्यात डोकं घालून बसलाय आणि वरून पियानो. नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या घरी शेजारीपाजारी बोलवून लावली, सगळे गप्प झाले, मला वाटलं भिडली बरं का. मग शेजारच्या काकू उठता उठता म्हणाल्या, "बिचारं पोरगं ते. पण तो करत काय होता रे सगळा वेळ?"

काहीच करत नव्हता. मी त्याला दया यावी म्हणून कोपऱ्यात ठेवला होता, देवघरात समई ठेवतात तसा. लहान मुलाच्या नजरेतून वगैरे मीच पोस्टरवर लिहिलं होतं पण नजर सगळी माझीच होती, तिशीतल्या माणसाची. त्यानंतर दोन फिल्म केल्या, दुसरी अर्धी जमली, तिसरी बऱ्यापैकी. या तिन्हीतून जे हाती लागलं ते क्रमाने सांगतो, कारण नाशिकमध्ये आता बरीच पोरंपोरी मोबाईलवर असं काही करायला बघतायत आणि सगळे नेमके तिथेच अडकतात जिथे मी अडकलो.

आधी पाणी कुठपर्यंत आलंय ते बघा

गोदेला पूर आला की आपण नाशिककर गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं ते नंतर बघतो, आधी विचारतो नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी आलं. गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत, गळ्यापर्यंत. क्युसेकचा आकडा कळला नाही तरी मारुती कळतो.

घरातल्या पोराचं अगदी असंच असतं. बापावर कर्ज किती, आईला डॉक्टरने काय सांगितलं, काका वेगळा का निघाला, यातलं त्याला काही माहीत नसतं, कोणी सांगत नाही, विचारलं तर "तू अभ्यास कर" असं ऐकायला मिळतं. पण पाणी किती चढलंय ते त्याला घरात सगळ्यात आधी कळतं. बाबांनी चप्पल सरळ काढली की भिरकावली, आईने डब्यात भाजी दिली की नुसती चटणी, आजी देवापाशी नेहमीपेक्षा जास्त वेळ बसली, आत्याचा फोन आला की दार लोटून घेतलं. म्हणून पटकथेला हात लावायच्या आधी मी आता एकच काम करतो, एका कागदावर त्या घरातल्या खुणा लिहून काढतो. निदान पंधरा तरी. पहिल्या पाच-सहा सगळ्यांना सुचतात (रिकामी बाटली, फुटलेला फोटो वगैरे), त्या खोडा. कामाच्या खुणा दहाव्यानंतर यायला लागतात.

माझ्या तिसऱ्या फिल्मचं उदाहरण शेवटपर्यंत घेतो म्हणजे नुसत्या गप्पा राहणार नाहीत. घरचं दुखणं असं होतं की बाप मोबाईलवर पैसे लावून रमी खेळायचा आणि बायकोचे दागिने एकेक करून सराफ बाजारात जात होते. (पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर २०२५ मध्ये केंद्राने बंदीचा कायदा केला, आमची गोष्ट त्याच्या आधीची.) यातली खूण मला सापडली ती पाटल्यांची. आई भाकरी थापते तेव्हा थाप पडते आणि मागोमाग पाटल्यांची किण होते. थाप, किण, थाप, किण. पोरगा रोज गोधडीत पडल्या पडल्या हे ऐकत जागा होतो. एका सकाळी नुसती थाप, थाप, थाप. तो गोधडीतून डोकं बाहेर काढतो. बस. सीन संपला. दागिने मोडले हे कोणी बोलायची गरजच उरली नाही.

तीन रकान्यांचा कागद

खुणा झाल्या की वहीचं पान आडवं धरून तीन रकाने पाडा. पहिल्यात घरात खरंच काय चाललंय, दुसऱ्यात त्यातलं पोराला दिसतं काय आणि ऐकू येतं काय, तिसऱ्यात त्यावरून पोराला वाटतं काय. पहिला रकाना तुम्हाला माहीत हवा पण फिल्ममध्ये त्यातलं जवळपास काही येणार नाही. दुसरा रकाना म्हणजे तुमचे शॉट. आणि तिसरा रकाना म्हणजे तुमची गोष्ट, इथेच सगळे आळस करतात.

कारण पोरगा चुकीचा अर्थ लावतो. लावायलाच हवा. आमच्या फिल्ममध्ये बाबा मोबाईल घेऊन बाथरूममध्ये तासन् तास बसतात, आतून गेमचा टिंग टिंग आवाज येतो, आणि पोरगा शाळेत फुशारकी मारतो की भो, माझे बाबा पण गेम खेळतात, तुझ्या बाबांना येतो का? त्याला अभिमान वाटतो! प्रेक्षकाच्या पोटात तिथेच खड्डा पडतो, कारण प्रेक्षकाला पहिला रकाना कळलेला असतो आणि पोराला नसतो. या दोघांच्या मधली जी फट आहे तीच अशा फिल्मची जागा. पोरगा सगळं समजून शहाण्यासारखं बोलायला लागला की फट बुजली, आणि मग लहान तोंडी मोठा घास असले डायलॉग सुरू होतात, "बाबा, तुम्ही आईला का त्रास देता?" कुठला आठ वर्षांचा पोरगा असं बोलतो, मी तरी ऐकलेला नाही.

चुकीचा अर्थ लावला की पोरगा चुकीचा उपाय पण करतो, म्हणजे काकूंच्या प्रश्नाला उत्तर मिळतं. आमच्या पोराने कुठूनतरी ऐकलं की बाबा हरले म्हणून आईच्या पाटल्या गेल्या. मग त्याने स्वतःचा गल्ला उलटा करून सुरीच्या टोकाने नाणी काढली, चाळीस रुपये निघाले, ते बाथरूमच्या दाराखालच्या फटीतून एकेक करून आत सरकवले आणि म्हणाला, "बाबा, अजून एक डाव खेळा, आता जिंकाल." आख्खी फिल्म या एका सीनसाठी होती. तुमच्या गोष्टीत पोरगा असा काय चुकीचा उपाय करेल ते सापडेपर्यंत लिहायला बसू नका, महिना लागला तरी चालेल.

अभ्यासाला दोन फिल्म सांगतो. नागराज मंजुळेंची पावसाचा निबंध, शाळेने पावसावर निबंध लिहायला दिलाय आणि पोराचं घर पावसात गळतंय, यात तिसरा रकाना कसा वापरलाय ते बघा. दुसरी लिन रॅम्झी या स्कॉटिश दिग्दर्शिकेची गॅसमन, बाप दोन मुलांना घेऊन रेल्वेच्या रुळांवरून निघतो, वाटेत दुसऱ्या बाईची दोन मुलं सोबत येतात आणि लेकीच्या हळूहळू लक्षात येतं की ती मुलंही याच माणसाची आहेत. पंधराएक मिनिटांत संपते आणि कोणीही काहीही समजावून सांगत नाही.

पटकथा थोडक्यात

आठ ते बारा मिनिटं, सहा-सात सीन, दोन जागा. एवढ्यात बसत नसेल तर तुमच्याकडे शॉर्टफिल्म नाही सिरियल आहे. मोठ्या माणसांचे संवाद पूर्ण लिहा, नटांना ते पूर्ण बोलू द्या, पण पोराच्या कानावर त्यातले किती शब्द पडणार ते वेगळ्या रंगाच्या पेनाने अधोरेखित करा. आमच्या एका भांडणात मोठ्यांची चौदा वाक्यं होती आणि प्रेक्षकाला स्पष्ट ऐकू आली ती तीन, "परत?", "आईची होती ती" आणि "हळू बोला, तो जागाय".

पोरगा निवडताना आणि त्याच्याशी काम करताना

गॅदरिंगमध्ये बक्षीस मिळालेलं पोर घेऊ नका. त्याचा दोष नाही, त्याला हातवारे करून मोठ्याने बोलायला शिकवलेलं असतं आणि ते काढायला तुमचे दोन महिने जातात. मी असं करतो की मुलाला आईवडिलांसोबत घरी बोलवतो, समोर मटारच्या शेंगा ठेवतो सोलायला, आणि आतल्या खोलीत दोन जण मुद्दाम कुजबुजत बोलतात. काही पोरं लगेच उठून बघायला जातात, काही ऐकतच नाहीत, आणि एखादं असं असतं की ज्याचे हात मंद होतात. सोलणं थांबत नाही, मंद होतं. ते पोरगं घ्यायचं.

दादासाहेब फाळक्यांनी आपल्याच लेकीला, मंदाकिनीला, कृष्ण केलं होतं, कालिया मर्दन, १९१९. त्यांची हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी तेव्हा नाशिकलाच होती. फिल्मच्या सुरुवातीलाच त्या चिमुरडीच्या चेहऱ्यावरचे हावभाव एकामागोमाग एक दाखवलेत, बघा ही काय काय करू शकते म्हणून. मूकपट होता, चेहऱ्यालाच सगळं बोलायचं होतं, ठीक आहे. आपल्याला बरोबर उलटं हवंय, चेहऱ्याने काहीच न करणारं पोर.

कारण चेहरा एडिटच्या कापाकापीत बोलतो. लेव्ह कुलेशोव्ह नावाच्या रशियन दिग्दर्शकाने शंभरेक वर्षांपूर्वी नटाचा एकच कोरा चेहरा एकदा सूपच्या वाटीशेजारी आणि एकदा शवपेटीशेजारी जोडून दाखवला, लोकांना वाटलं एकदा तो भुकेला आहे आणि एकदा दुःखात. आपल्या कामात याचा फायदा फार मोठा आहे, तो असा की भांडणाच्या सीनमध्ये पोराला भांडण दाखवायची गरजच नाही. आमच्या पोराला मी सांगितलं की भिंतीवरच्या कॅलेंडरवर या महिन्यात किती लाल तारखा आहेत त्या मनात मोज आणि मोजून झाल्या की माझ्याकडे बघ. तो मोजत होता, ओठ किंचित हलत होते. एडिटमध्ये त्यावर भांडणाचा आवाज टाकला. बघणारे मला विचारतात पोराकडून एवढी भीती कशी काढलीस. काढली नाही रे बाबा, तो रविवार मोजत होता.

आता एक गोष्ट, सांगायला लाज वाटते पण सांगतो. दुसऱ्या फिल्मला टीममधलं कोणीतरी म्हणालं की पोराला काही सांगूच नको, बाप झालेला नट एकदम ओरडेल, खरी रिअॅक्शन मिळेल. मी हो म्हणालो. नट ओरडला, ताट आपटलं, आणि पोरगा इतका दचकला की त्याची चड्डी ओली झाली. त्याच्या आईने एक शब्द न बोलता त्याला उचललं आणि घेऊन गेली. शॉट भारी आला होता. वापरला नाही, डिलीट केला, पण ती माउली आजही रस्त्यात दिसली की मान वळवते आणि बरोबरच आहे तिचं.

तेव्हापासूनचे नियम असे की आरडाओरडा, मारहाण, दारू यातलं काहीही पोरगा सेटवर असताना शूट होत नाही, त्याचे शॉट वेगळे, मोठ्यांचे वेगळे. बाप झालेला नट शूटच्या आधी दोन-तीन वेळा पोराशी क्रिकेट खेळून येतो. सीन रागाचा असेल तर आधी तोच सीन सगळ्यांनी हसत हसत, गाण्यात म्हणून दाखवायचा, मग पोराला कळतं की हा खेळ आहे. आणि पोराने नाही म्हटलं की नाही, चॉकलेट दाखवून हो करवून घ्यायचं नाही.

कागदपत्रं, कंटाळा आला तरी वाचा

मूल घेऊन शूट करायचं तर बालकामगार कायद्याच्या २०१७ च्या नियमांत स्पष्ट अटी आहेत. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांच्या वर विश्रांतीशिवाय नाही, शाळा बुडू द्यायची नाही, मुलाच्या मर्जीविरुद्ध काही नाही, आणि मानधन देणार असाल तर त्यातले निदान वीस टक्के मुलाच्या नावावर बँकेत मुदत ठेवीत टाकायचे. मित्रामित्रांची फिल्म आहे, आपल्याला कोण विचारतंय असं म्हणू नका, जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन आधी विचारून घ्या. तास पाच लिहिलेत म्हणून पाच वापरायचे असंही नाही, आमचं पोर तिसऱ्या तासाला कंटाळायचं, आम्ही तिथेच पॅकअप करायचो.

दारू पिणारा बाप दाखवत असाल तर बाटलीत कोरा चहा, आणि तरीही खरी दारू किंवा तंबाखू सेटवर कुठे असू नये, मुलाच्या हातात देणं हा बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. गोष्ट ओळखीच्या खऱ्या घरावरून उचललेली असेल तर गाव, शाळा, नातं, मुलगा की मुलगी, सगळं बदला. प्रकरण बालकल्याण समितीपर्यंत किंवा पोलिसात गेलेलं असेल तर त्या मुलाची ओळख उघड करायला कायद्यानेच मनाई आहे. आणि असा विषय निघाला की कधी कधी सेटवरचंच एखादं मूल स्वतःच्या घरचं बोलून जातं, त्याला पटकथेचा माल समजू नका, गरज वाटली तर मुलांसाठीच्या हेल्पलाइनला, १०९८ ला, फोन करा.

कॅमेरा

टेप घ्या आणि पोराच्या डोळ्यांची उंची मोजा, उभं असताना आणि मांडी घालून बसलेलं असताना. आमच्या आठ वर्षांच्या हिरोची उभ्याची साधारण साडेतीन-पावणेचार फूट भरली, बसल्यावर जेमतेम दोन. कॅमेरा त्याच उंचीवर. ट्रायपॉड एवढा खाली जात नसेल तर उपडं घमेलं, त्यावर पाट, त्यावर मोबाईल. या उंचीवरून घर वेगळंच दिसतं, ओट्यावर काय आहे ते दिसत नाही, खालचा सिलिंडर दिसतो, टेबलाची खालची बाजू आणि तिथे चिकटवलेलं च्युइंगम दिसतं.

मोठ्यांचे चेहरे फ्रेमबाहेर कापायची युक्ती सगळे करतात, चांगली आहे पण दहा मिनिटं नुसती कंबर आणि लेंगे बघून माणूस वैतागतो. आम्ही ठरवलं की मोठं माणूस पोरासाठी खाली वाकेल तेव्हाच त्याचा चेहरा दिसेल. आई तीनदा वाकते. बाबा एकदाच, ते पण चप्पल शोधायला. कोणाच्याही लक्षात आलं नाही आणि सगळ्यांना जाणवलं.

अजून एक, पोराच्या नजरेतून म्हणजे सतत पोराला दिसतं तेच दाखवायचं असं नाही, त्याचा चेहराही तेवढाच लागतो. आणि तो भांडणाकडे बघत नसतो! लहानपणी घरात वाजलं तेव्हा तुम्ही कुठे बघत होता आठवा. मी शेगडीवर उतू जाणाऱ्या दुधाकडे बघत होतो आणि सांगू की नको असा विचार करत होतो. हे उतू जाणारं दूध मी फिल्ममध्ये घेतलं, दोन लिटर दूध गेलं, पोराच्या आईला वाईट वाटलं म्हणून उरलेल्याची बासुंदी केली.

तांत्रिक म्हणाल तर सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवा, आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्याने ट्यूबलाइट लुकलुकत नाही. एक्सपोजर आणि फोकस लॉक करा. मोबाईलची अल्ट्रावाइड लेन्स नको, घर हॉलसारखं दिसतं आणि पोराचं नाक मोठं. रात्रीचे सीन दिवसा करा, खिडक्यांना काळं कापड लावून, पोराला रात्री अकराला जागवायचं काही कारण नाही.

आवाज, इथे खरी फिल्म आहे

पोरगा बघतो कमी, ऐकतो जास्त, कारण मोठी माणसं त्याच्या नजरेआड भांडतात, कानाआड भांडू शकत नाहीत. म्हणून मी वाड्याऐवजी सिडकोतलं घर घेतलं. जुन्या नाशकातले वाडे दिसायला देखणे, माळे, जिने, कोनाडे, सगळ्यांना तिथेच शूट करायचं असतं, पण त्या जाड भिंतींतून आवाज जात नाही, आणि सिडकोत बाजूच्या घरातली कुकरची शिट्टी मोजून आपण आपला गॅस बंद करतो. भांडण लपवायला जागाच नसलेलं घर हवं होतं, ते भाड्याने सुद्धा घ्यावं लागलं नाही.

दाराआडचा आवाज एडिटमध्ये वरच्या फ्रिक्वेन्सी कापून बनवता येतो, साधारण हजार हर्ट्झच्या वरचं खाली आणलं की दबका होतो, पण खरं दार लावून अलीकडे माइक ठेवून रेकॉर्ड केलं तर त्याला तोड नाही. आम्ही दोन्ही केलं, नटांना आत खरंच भांडायला लावलं (पोरगा त्या दिवशी नव्हता), एक रेकॉर्डर आत, एक दाराबाहेर फरशीवर. बाथरूमच्या सीनला बाहेरचा वापरला. पाटल्यांच्या आवाजाने मात्र घाम काढला. एक ग्रामच्या पाटल्या आणल्या, त्या खुळखुळ्यासारख्या वाजत होत्या, काचेच्या बांगड्यांचा आवाज फार बारीक, शेवटी मित्राच्या आईने स्वतःच्या हातातल्या खऱ्या घालून अर्धा तास परातीत पीठ थापलं आणि बजावलं की माझा हात फिल्ममध्ये दिसता कामा नये, माहेरचे विचारतील.

प्रत्येक खोलीत सगळ्यांना गप्प बसवून एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करा, पंखा चालू असताना एकदा आणि बंद असताना एकदा. एडिटला बसल्यावर मला दुवा द्याल.

आणि घंटागाडी विसरू नका. नाशिकच्या घराला सकाळचं घड्याळ तेच. आमच्या भांडणाच्या मध्येच घंटागाडी येते, आतला आवाज बंद होतो, आई पदराने तोंड पुसते, कचऱ्याची बादली घेऊन बाहेर जाते, शेजारणीशी हसून बोलते, परत येते, दार लावते. पोरगा सगळं पायरीवर बसून बघतो. या सीनला एकही संवाद नाही आणि लोक याच सीनबद्दल बोलतात. फक्त गाडीवर वाजणारं रेकॉर्ड केलेलं गाणं तसंच्या तसं घेऊ नका, युट्यूबवर कॉपीराइटचा दावा येऊ शकतो, आम्ही पितळी घंटा आणून वेगळी वाजवली.

शूटचे दिवस

तीन दिवस पुरतात. पोराचे सगळे शॉट रोज सकाळी पहिल्या तीन तासांत, तो ताजा असतो आणि उजेडही बरा असतो. तो घरी गेला की मोठ्यांचं काम, त्याच्या जागी कोणीतरी त्याच्या उंचीच्या स्टुलावर दप्तर ठेवायचं म्हणजे नटांना कुठे बघायचं ते कळतं. एक माणूस फक्त पोरासाठी ठेवा, ना कॅमेरा ना लाइट, त्याचं काम खाणं, सू, गोष्टी. आमच्याकडे हे काम करणाऱ्या मैत्रिणीचं नाव क्रेडिटमध्ये माझ्या आधी आहे. सगळ्यांना नाश्ता द्या, पण पोराला मिसळ नको, दुपारी झोपतं किंवा तिखट लागून रडतं.

एडिट

डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरची फुकटची आवृत्ती या कामाला भरपूर झाली. पहिला कट झाला की प्रत्येक शॉट थांबवून एकच प्रश्न विचारा, हे पोराला कुठून दिसलं? उत्तर नसेल तर काढा. माझा सराफाच्या दुकानातला अख्खा सीन असाच गेला, परवानगी काढून, गर्दी सांभाळून, अर्धा दिवस घालून केलेला, छान आला होता, पण पोरगा तिथे नव्हताच. दोन दिवस जेवण गेलं नाही मला. काढल्यावर फिल्म सव्वानऊ मिनिटांची झाली आणि पाटल्या कुठे गेल्या हा प्रश्न प्रेक्षकाच्या डोक्यात जास्त वेळ राहिला.

संगीत टाकायचा मोह होईल, विशेषतः पियानोचा. टाकायचंच तर पोराच्या जगातलं टाका, आम्ही तो गेमचा टिंग टिंग आवाज स्वतः बनवला आणि शेवटच्या नावांवर तोच संथ करून वाजवला.

इंग्रजी सबटायटल करताना एक चूक हमखास होते. दाराआडचं दबकं भांडण लोक पूर्ण भाषांतर करून खाली छापतात, म्हणजे मराठी प्रेक्षकाला जे ऐकू येत नाही ते परक्याला वाचायला मिळतं. पोराच्या कानावर जी तीन वाक्यं पडली तेवढीच छापा.

दाखवताना

आधी मुलाच्या आईवडिलांना दाखवा, एकट्यांना, आणि काही खटकलं तर काढायची तयारी ठेवा. युट्यूबवर टाकताना मुलांसाठी बनवलेली आहे का असं विचारतात, फिल्ममध्ये मूल आहे म्हणून हो दाबू नका, ही फिल्म मोठ्यांसाठी आहे, आणि हो दाबलं की कमेंट बंद होतात. मुलाचं पूर्ण नाव, शाळा, कॉलनी वर्णनात लिहू नका. शेवटच्या पाटीवर १०९८ टाका.

मग मुलाला दाखवा, पहिल्या रांगेत बसवून. आमच्याने पूर्ण फिल्म शांतपणे बघितली, कॅलेंडरच्या सीनला हळूच म्हणाला, "मी पाच मोजल्या होत्या." संपल्यावर सगळे त्याच्या पाठीवर थाप मारत होते आणि तो माझ्याकडे बघत होता, जरा नाराज. मी विचारलं काय झालं रे. तर म्हणाला, "दादा, ते चाळीस रुपये माझ्या गल्ल्यातले होते ना, ते कुठंयत?"

खरंच होते. शूटच्या गडबडीत आमच्या नाण्यांचा डबा घरी राहिला होता, त्याने स्वतःचा गल्ला आणून दिला होता, आणि ती नाणी त्या नटाच्या पँटच्या खिशात तशीच कपड्यांच्या पेटीत पडून होती.